बाबांचा नकाशा : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

दादा, वहिनी आणि भाचा उत्तरायणासाठी पुण्याहून आलेत म्हणून आजच माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या, चार हात असले की बरं पडतं. बाबांचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं, तेव्हाच ठरलं होतं की त्यांच्या वस्तूंचं आता काहीतरी नीट करायचं. नुसतं "राहू दे, ठेवून देऊ" म्हणत बसलो तर पुढे कधीतरी सगळं पस्तीवाल्याकडे जाणार.

काय करायचं ते असं: हॉलच्या मोठ्या भिंतीवर एक नकाशा, सहा फूट बाय चार. बाबा जिथे जिथे गेले, जिथे लाइन टाकली, जिथे डोंगर चढले, ज्या ज्या गावाशी घरच्या हौशी रेडिओवर बोलले ते सगळं त्यावर आणि शेजारी एखादा फोटो, त्यांच्या डायरीतल्या दोन ओळी. शिवाय सगळं स्कॅन करून घरातल्या प्रत्येकाला एकेक पेन ड्राइव्ह. दादा म्हणत होता पुस्तक करूया. पण बाबांना कुणाला काही समजवायचं असलं की ते आधी कागद ओढून नकाशा काढायचे, दादाच्या लग्नपत्रिकेवरचा हॉलचा रस्ताही त्यांनीच स्केलमध्ये काढून दिला होता, तेव्हा नकाशाच.

घरातल्या लहान मंडळींसाठी थोडक्यात: जन्म १९४२, बडोद्याचा दांडिया बाजार. इंजिनिअरिंग इथेच, महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, म्हणजे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात, जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. इलेक्ट्रिकल, १९६४. मग गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्ड, २००० साली रिटायर. नोकरी जवळजवळ सगळी ट्रान्समिशनमध्ये, टॉवर आणि तारा.

हे काम मला का करायचंय तेही इथे लिहून ठेवते. शोकसभेत ज्यांनी ज्यांनी भाषण केलं त्यांनी बाबांच्या धाडसाच्याच गोष्टी सांगितल्या, टॉवरवर चढले, नदीत उतरले, भूकंपात गेले. सगळ्या खऱ्या आहेत. पण त्या ऐकून वाटतं की माणूस बेधडक होता. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर या घरात राहिले, झोपायच्या आधी गॅसचा नॉब तीनदा बघणारा माणूस होता तो! ते जे धाडस करायचे ते या तपासण्यावरच उभं होतं, आणि घर सांभाळणं हा त्याचाच भाग होता, वेगळं खातं नव्हतं. हे दोन्ही एकाच कागदावर दिसलं पाहिजे.

१३ जानेवारी

ट्रंकांना पाण्याचा एक थेंब लागलेला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथली विश्वामित्री नदी ३७ फुटांच्या आसपास गेली होती, अकोट्यातल्या आमच्या गल्लीत मगर फिरतेय म्हणून मेसेज येत होते आणि खालच्या खोलीत फ्रिज तरंगला. ट्रंका वाचल्या त्या बाबांमुळे, त्यांना जाऊन तोवर सात महिने झाले होते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा घरात पाणी शिरलं, ते ओसरल्यावर बाकी सगळे चिखल काढत असताना बाबांनी भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण केली, तारीख घातली आणि सुताराला बोलावून सांगितलं की माळा या खुणेच्या पाच फूट वर. सुतार म्हणाला काका एवढं कशाला. बाबा म्हणाले नदीने अजून सगळं दाखवलेलं नाही.

खुणेचा फोटो काढला. नकाशावर अकोट्याजवळ हाच लावायचा.

१९ जानेवारी

पुण्याची मंडळी गेली. भाच्याने जाताना लॅपटॉपवर नकाशाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि शिकवलं, आता मी ठिकाणं टाकायची आणि त्याने तिकडून बघायचं.

आज निगेटिव्ह उघडले. बाबांचा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, तो बडोद्यातच बनायचा. १२० ची फिल्म, एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. प्रत्येक पट्टी बटर पेपरमध्ये, वर गाव आणि महिना. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या होत्या, तरी काहींवर बुरशीचे ठिपके आलेत. पुसायचं नाही, फक्त ब्लोअर मारायचा, मग एलईडी पॅनेलवर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपायचं आणि कॉम्प्युटरवर उलटं करायचं. पुसायला गेलं की बुरशीबरोबर चित्रही निघतं असं स्टुडिओवाल्याने बजावलंय.

एक फोटो बघत बराच वेळ बसले. महीचं पात्र, एक नाव, नावेत दोराचं मोठं भेंडोळं आणि बाबा, अंगात बनियन, डोक्याला पंचा, वय असेल सव्वीस-सत्तावीस. नदीवरून लाइन न्यायची म्हणजे तार एकदम नेत नाहीत, आधी हलका पायलट दोर नावेतून पलीकडे, त्याला जाड दोर, त्याला मग तार. पट्टीवर पेन्सिलने लिहिलंय, "प्रवाह जास्त. नाव भाड्याची, नावाडी हुशार."

२६ जानेवारी

सकाळी आई झेंडावंदन बघत होती टीव्हीवर, पावणेनऊला तिने टीव्ही बंद केला. भूजच्या भूकंपाला आज २४ वर्षं झाली. मी म्हटलं नकाशावर भूज मोठं दाखवूया, त्यावर ती म्हणाली, "माझी वही कुठे आहे बघ आधी." कुठली वही ते काही सांगेना, म्हणे निळ्या पुठ्ठ्याची. ट्रंकेत नाही. शोधते.

२ फेब्रुवारी

आज बाबांच्या गँगमधले एक लाइनमनकाका आले, डभोईकडच्या एका गावात राहतात, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले, वय ऐंशीच्या जवळ. येताना शेतातली तूर आणि पापडी. आईला "बेन" म्हणतात आणि बाबांना अजून "साहेब". मी रेकॉर्डर लावला आणि ते तीन तास बोलले, मध्ये जेवण झालं, श्रीखंड दोनदा घेतलं.

त्यांनी सांगितलेलं सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे, इथे फक्त जे नकाशासाठी पाहिजे ते.

टॉवरच्या एका पायाला चढायचे बोल्ट असतात, जमिनीपासून काही अंतर मुद्दाम सोडलेलं असतं म्हणजे पोरंटोरं चढू नयेत. नवा माणूस गँगमध्ये आला की काय व्हायचं विचारलं तर काका म्हणाले, "साहेब पहेला पोते चढे, पछी अमने चढावे." म्हणजे साहेब आधी स्वतः चढणार, बेल्टचं बकल, दोर, वरचा प्रत्येक बोल्ट हाताने बघणार, मग बाकीचे. इंजिनिअरने चढायची गरज नसते, खालून दुर्बिणीने बघूनही चालतं. बाबा चढायचे कारण ज्या कामाला माणूस पाठवतोय ते काम आपल्या हाताला माहीत पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. लाइन बंद केली, सबस्टेशनवरून लाइन क्लिअरचा परमिट हातात आला, म्हणजे आता तार मेलेली आहे असं कुणालाही वाटेल. पण शेजारून दुसरी लाइन चालू जात असेल तर तिच्यामुळे बंद तारेतही व्होल्टेज येतं, माणूस मारण्याइतकं. म्हणून आधी टेस्ट करायची, मग डिस्चार्ज रॉडने उरलेली वीज उतरवायची, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ जोडायचा, म्हणजे तार जमिनीशी जोडायची, आणि तेव्हाच हात लावायचा. एकदा संध्याकाळ व्हायला आली होती, वरून फोनवर फोन की सप्लाय कधी देताय, एका बाजूचा अर्थ लावला आणि दुसरा सेट ट्रकमध्ये लांब राहिला. गँग म्हणाली एका अर्थवर करून टाकतो साहेब, दहा मिनिटांचं काम आहे. बाबांनी सगळ्यांना खाली उतरवलं, स्वतः ट्रककडे चालत गेले, सेट घेऊन आले, अंधार पडला, काम दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. वरून बोलणी बसली ती त्यांनी ऐकून घेतली. "एटले ज हूं आजे श्रीखंड खाउं छुं," म्हणूनच मी आज श्रीखंड खातोय, काका म्हणाले, आणि हसले नाहीत.

शोकसभेत ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. नकाशावर ही पाहिजे, डभोईच्या दक्षिणेला, काकांनी बोटाने जागा दाखवली.

९ फेब्रुवारी

ठिकाणं टाकतेय. उकाईहून निघणारी लाइन, धुवारणची, वणाकबोरीची. तापीवरचं उकाई धरण १९७२ ला पूर्ण झालं आणि तिथली ७५ मेगावॅटची चार हायड्रो युनिटं त्यानंतरच्या वर्षांत सुरू झाली, दादा लहान होता तेव्हा आई त्याला घेऊन तिकडच्या क्वार्टरमध्ये राहिलेली आहे. धुवारण महीच्या मुखाकडे, खंभातच्या बाजूला, गुजरात वेगळं झाल्यावरचं पहिलं मोठं थर्मल वीजकेंद्र. बाबांच्या डायऱ्यांमध्ये टॉवरचे नंबर आणि जिथे लाइन वळते तिथे "ए.पी." म्हणजे अँगल पॉइंट असं लिहिलेलं असतं. भाच्याने सॅटेलाइट इमेजवर झूम करून त्या वळणांच्या जागा शोधल्या, टॉवरची सावली दिसते जमिनीवर. फोनवर ओरडला, "आत्या, आजोबांचा टॉवर सापडला!"

त्याला मी डिस्क मोजायचं सांगितलं, त्याला माहीतच नव्हतं. आम्ही लहानपणी ट्रेनने मुंबईला किंवा अहमदाबादला जाताना बाबा खिडकीतून टॉवर दाखवायचे आणि विचारायचे किती केव्हीची, म्हणजे किती हजार व्होल्टची लाइन? तार ज्या चिनीमातीच्या डिस्कच्या माळेला लटकते त्या डिस्क मोजायच्या. पाचेक असल्या तर ६६ केव्ही, नऊ-दहा म्हणजे १३२, तेरा-चौदा म्हणजे २२०. पळत्या ट्रेनमधून मोजायला नजर लागते. दादाला पहिल्यापासून यायचं, मला उशिरा जमलं आणि जमलं तेव्हा आणंद स्टेशनवर बाबांनी मला एकटीला थंडगार फ्लेवर्ड दूध घेऊन दिलं.

तार एवढी ढिली का ठेवतात हेही तेव्हाच कळलं. कपडे वाळत घालायची दोरी अगदी ताठ बांधली की एका ओल्या चादरीने खुंटीच उपटून येते, तसं. उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि खाली येते, थंडीत आखडते, तर जमिनीपासूनचं अंतर भर उन्हाळ्यातलं धरायचं आणि ताण थंडीतला. बाबा घरखर्चाचं बजेटही याच पद्धतीने करायचे, सगळ्यात वाईट महिना धरून. आईला ते कधीच पटलं नाही.

१६ फेब्रुवारी

१९७९ ची डायरी. ११ ऑगस्टला मच्छू-२ धरण फुटलं आणि मोरबीत पाणी घुसलं. बाबांना तिकडे सप्लाय चालू करायच्या कामावर पाठवलं होतं. १३ तारखेला एक ओळ, "मोरबी. पोल नाहीत, रस्ते नाहीत." पुढची पानं कोरी आहेत. एरवी हा माणूस तापात सुद्धा डायरी लिहायचा.

आईने सांगितलं ते असं की ते आले ते मागच्या दाराने आले, अंगावरचे कपडे तिथेच जाळले, न्हाणीघरात फार वेळ होते, आणि मग येऊन आम्हा दोघांना उठवलं, मी तीन वर्षांची, झोपेतच होते, आणि नुसते मांडीवर घेऊन बसले. त्याबद्दल पुढे कधीही काही बोलले नाहीत.

नकाशावर मोरबीला फक्त ती ओळ आणि तारीख. फोटो नाही, मजकूर नाही.

२३ फेब्रुवारी

रंगीत प्रिंट. पिंडारी ग्लेशियर, मे १९८५. दादा तेरा, मी नऊ. लोकांनी आईला वेड्यात काढलं होतं, मुलांना घेऊन हिमालयात?

बाबांनी तरुणपणी अबूच्या पर्वतारोहण संस्थेत रॉक क्लायम्बिंगचा कोर्स केला होता, गिरनार आणि पावागढ तर मोजलेलेच नाहीत किती वेळा. पण मुलांना घेऊन जायचं म्हटल्यावर तयारी वर्षभर चालली. दर रविवारी कमाटीबाग ते अकोटा पाठीवर ओझं घेऊन चालायचं, ओझं म्हणजे तांदळाची पिशवी. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. चालायचा क्रम ठरलेला, पुढे दादा, मग मी, मग आई, शेवटी बाबा, म्हणजे सगळी त्यांच्या डोळ्यांसमोर. तासाला दहा मिनिटं थांबा, तहान लागायच्या आधी पाणी.

काठगोदामपर्यंत ट्रेन, बागेश्वरच्या पुढे बस संपली की लोहारखेत, धाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया. खातीच्या जंगलात बुरांसची फुलं संपत आली होती, आईने त्यातलं एक दाबून वहीत ठेवलेलं अजून आहे, तपकिरी झालंय. फुरकियाहून झिरो पॉइंटला जायचं त्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं, बाबांनी निघतानाच सांगितलं की अकरा वाजता जिथे असू तिथून परत. अकराला आम्ही खरंच जवळ होतो, समोर बर्फ दिसत होतं, वर अगदी थोडे ढग. दादा रडला. बाबांनी घड्याळ दाखवलं आणि वळले. दुपारी गारा पडल्या, आम्ही तेव्हा बंगल्यात खिचडी खात होतो. डायरीत एवढंच: "११.०० परत. मुलं नाराज. चहा उत्तम."

दादाला आज ते पान फोटो काढून पाठवलं. त्याने उत्तरात लिहिलं की तो अजून कारने लांब जाताना परतायची वेळ आधी ठरवतो, असं का करतो ते त्याला आज कळलं.

८ मार्च

रेडिओचं टेबल. बाबांकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स होतं, कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, व्हीयू टू ने सुरू होणारं. दोन सेट आहेत. एक त्यांनी स्वतः बांधलेला, ८०७ व्हॉल्व्हचा, लोखंडी पेटी आणि वर कवटीचं चित्र, कारण आत काही शे व्होल्ट. दुसरा जपानी, नंतर घेतलेला, १२ व्होल्टवर चालणारा.

बाबांचे रेडिओवाले मित्र आले होते. म्हणाले जुना सेट डायरेक्ट प्लगमध्ये घालायचाच नाही, वर्षानुवर्षं बंद असला की कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकतात आणि एकदम सप्लाय दिला तर फुटतात. सिरीजमध्ये बल्ब लावून हळूहळू. पेटीच्या झाकणावर आत बाबांनी लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली, "उघडण्यापूर्वी कंडेन्सर डिस्चार्ज. एक हात खिशात." एक हात खिशात म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जाऊ नये. ती चिठ्ठी तशीच्या तशी स्कॅन केली.

ट्रान्समिट करायचं नाही हे ठरलंच आहे, लायसन्स त्यांचं होतं. आपण फक्त ऐकायचं.

कार्डांचा डबाही निघाला. रेडिओवर बोलणं झालं की एकमेकांना पोस्टकार्ड पाठवतात, क्यूएसएल कार्ड. लेनिनग्राड, ओसाका, ब्राझील. आमची शाळेतली भूगोलाची तयारी या डब्यावर झाली आहे, कार्ड आलं की अॅटलासमध्ये गाव शोधायचं आणि ज्याला आधी सापडेल त्याला स्टॅम्प.

१५ मार्च

गच्चीवरची अँटेना. उत्तरायणाचा मांजा अजून गुंतलेला होता, बाबा असते तर १६ जानेवारीलाच सोडवला असता, दर वर्षी सोडवायचे. आणि गल्लीतल्या पोरांना दर वर्षी तेच सांगायचे की तारेत अडकलेला पतंग म्हणजे गेला, काठीने काढायला जायचं नाही, नवा पतंग माझ्याकडून घेऊन जा. त्यासाठी पतंगांचा गठ्ठा आणून ठेवायचे.

तार तुटलेली होती, नवी लावली. ७.१ मेगाहर्ट्झच्या हाफ वेव्ह डायपोलची, म्हणजे अर्ध्या लहरीएवढ्या तारेच्या अँटेनाची पूर्ण लांबी साधारण २० मीटर, मधून कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा. बाबांच्या वहीत लिहिलंय की थोडी लांब ठेवा आणि मग कापत या, कापलेली तार परत लांब होत नाही. संध्याकाळी जपानी सेट बॅटरीवर लावला. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी हिंदीत हवामान सांगतंय, मग एक तमिळ गप्पा, मग दूरवरचा मोर्स. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "थोडा खाली घे, ऐकू येतंय तिथपर्यंत." वर्षभरात पहिल्यांदा तिने ते वाक्य म्हटलं.

२२ मार्च

वही सापडली! निळा पुठ्ठा, देवघराच्या खालच्या कप्प्यात, पोथ्यांखाली. आई म्हणाली हां, मीच ठेवली होती तिथे.

हे सविस्तर लिहायला पाहिजे, कारण या वहीने नकाशा बदलला.

२६ जानेवारी २००१, शुक्रवार, सकाळी ८.४६. बडोद्यात सुद्धा घर हललं. मी तेव्हा मुंबईत नोकरीला, दादा पुण्यात. कच्छचे फोन बंद, वीज बंद. बाबा नुकतेच रिटायर झालेले, ५८ वय. १९९८ च्या जूनमध्ये कांडल्याच्या चक्रीवादळानंतर ते टॉवर उभे करायला कच्छमध्ये राहिले होते, रस्ते माहीत होते. २७ ला रात्री दोन मित्रांबरोबर जीपमधून निघाले. इथपर्यंत आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, शोकसभेतही हेच सांगितलं गेलं.

त्यांनी काय काय नेलं त्याची यादी वहीच्या पहिल्या पानावर आहे, त्यांच्या अक्षरात. रेडिओ सेट, ट्रकच्या दोन बॅटऱ्या, तार, दोर, तंबू, दहा दिवसांचं अन्न आणि पाणी. त्यापुढे, "तिथल्या कोणाचंही खायचं नाही." शेवटी, "परत ६ फेब्रुवारी. उशीर झाल्यास निरोप येईल. निरोपही आला नाही तर यांना फोन," आणि तीन नंबर. कुठेही जाताना ते आईला असा कागद देऊन जायचे, टेलिफोन डिरेक्टरीखाली ठेवलेला असायचा.

भूज बडोद्यापासून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. रेडिओवाले काका समजावत होते की अँटेना उंच टांगली तर लहर क्षितिजाकडे लांब जाते आणि जवळचा भाग ओलांडून पुढे पडते, लेनिनग्राडला ऐकू येईल पण बडोद्याला नाही. म्हणून बाबांनी तिथे तार मुद्दाम खाली, डोक्याच्या थोडी वर बांधली, म्हणजे लहर सरळ वर जाऊन आकाशातल्या थरावरून परत खाली आजूबाजूच्या चारपाचशे किलोमीटरमध्ये पडते. लोक उंच खांब शोधत होते आणि हे दोन काठ्या रोवून मोकळे.

आणि इकडे? इकडे अकोट्यात आमच्या हॉलमध्ये लायसन्स असलेले बाबांचे दुसरे एक मित्र सेटवर बसलेले आणि शेजारी आई, फोन घेऊन. वहीची बाकीची पानं तिच्या अक्षरात. रकाने आखलेले: वेळ, कुणाकडून, कुणाला, फोन नंबर, निरोप, पोचला का. निरोप गुजराथीत जसाच्या तसा. "बधा सलामत छीए, घर नथी," सगळे सुखरूप आहोत, घर नाही. "बा ने लईने मामाने त्यां छीए," आईला घेऊन मामाकडे आहोत. "दवा मोकलो," औषध पाठवा, आणि पुढे औषधाचं नाव दोनदा स्पेलिंग करून. प्रत्येकापुढे बरोबरची खूण, जिथे फोन लागला नाही तिथे वेळ घालून परत, परत, परत. काही ठिकाणी खुणेऐवजी नुसतं "सांगितलं." ते कुठले निरोप होते हे वाचल्यावर मी वही खाली ठेवली.

पानं भरभरून आहेत. सकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंतच्या वेळा आहेत. मी आईला विचारलं की आम्हाला का नाही सांगितलंस, मी तेव्हा रोज मुंबईहून फोन करत होते आणि फोन सतत बिझी लागायचा. ती म्हणाली, "तुझ्या फोनला वेळ कुठे होता. चारपाच घरांतली माणसं रांगेत असायची माझ्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू काय लिहायचं ते लिही, पण ते गेले आणि मी वाट बघत बसले असं लिहू नकोस."

बाबा ६ फेब्रुवारीला संध्याकाळी परत आले. वहीत त्या दिवशी शेवटचा निरोप ४.१० चा आहे, त्याखाली आईने रेघ मारलीय आणि लिहिलंय, "हे आले. बॅटऱ्या परत द्यायच्या."

३० मार्च, पाडवा

दादा आलाय. नकाशा पुन्हा आखला. आतापर्यंत बाबा जिथे गेले तिथे ठिपका एवढंच होतं. आता प्रत्येक मोठ्या ठिकाणापासून अकोट्यापर्यंत बारीक रेघ. उकाईच्या रेघेवर आईचं क्वार्टरमधलं वर्ष, तिथे पावसाळ्यात दूध मिळायचं नाही म्हणून तिने शेजारणीबरोबर मिळून एक गाय ठेवली होती, हे आम्हाला काल कळलं. पिंडारीच्या रेघेवर आम्ही चौघं, चालायच्या क्रमाने. भूजच्या रेघेला दोन टोकं, दोन्हीकडे सारख्या आकाराचा ठिपका, एकीकडे बाबांची यादी, दुसरीकडे वहीचं एक पान. त्या पानावरची नावं आणि नंबर झाकून घेतले, ती दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट आहे.

दादा म्हणाला हा आता दोघांचा नकाशा झाला. मग वर नाव तसंच घालूया म्हटलं. आईला विचारलं तर म्हणाली नाव त्यांचंच राहू दे, माझा ठिपका मोठा आहे तेवढं पुरे.

६ एप्रिल

प्रूफ आलं. महीचा निळा जास्त गडद झालाय, सांगितलंय. डभोईच्या दक्षिणेची अर्थिंगची गोष्ट लाइनमनकाकांना फोनवर वाचून दाखवली, त्यांनी एक दुरुस्ती सांगितली: ट्रककडे चालत जाताना साहेबांनी टॉर्च गँगकडे ठेवला होता, स्वतःकडे नाही, ते घाला. घातलं.

मोरबीची ओळ छापताना प्रेसवाल्याने विचारलं की इथे जागा रिकामी राहतेय, फोटो टाकू का कुठला. नको म्हटलं.

फ्रेमचं माप सुताराला दिलंय, तोच २०१९ चा सुतार. खालची कडा पाण्याच्या दोन्ही खुणांच्या वर येईल अशी लावायची आहे, २०२४ ची खूण मी आज पेन्सिलने मारून तारीख घातली. आईला भूजच्या ठिपक्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहायची आहे, तिने अजून ठरवलं नाही काय, ती लिहून झाली की स्कॅन करून फाइल प्रेसला.